ठिपकीचे फिके पाय

एका जंगलात एक वाघ होता आणि एक सिंहही होता, पण त्यांचं काय चाललं होतं ते मला माहीत नाही. मुलांनो, आपल्याला त्यांच्याकडे जायचंच नाही. आपल्याला जायचंय जंगलाच्या कडेला, जांभळाच्या झाडाखाली, अस्वलाच्या घरी. तिथे एक खुराडं होतं. गोष्ट त्या खुराड्याची आहे.

नीट बसा. मधेच कोणी उठायचं नाही. मला ही गोष्ट एकदाच सांगता येईल.

अस्वलाचं नाव रंगोबा. त्याच्या बायकोचं नाव सरूबाई. त्यांनी सात कोंबड्या आणि दोन कोंबडे पाळले होते. अस्वलं कोंबड्या पाळतात का, असं विचारू नका. या जंगलात पाळतात.

घरच्या कोंबड्यांची रीत साधी असते. कोंबड्या अंड्यांसाठी, कोंबडे रश्शासाठी. एक कोंबडा ठेवायचा. तो पहाटे सगळ्यांना उठवतो आणि पिल्लांचा बाप होतो. दुसरा अंगानं भरला की भांड्यात. जी कोंबडी म्हातारी होऊन अंडी द्यायची थांबते, तीही भांड्यात. तिला शिजायला तेवढा वेळ लागतो. रंगोबाच्या आईनं असंच केलं होतं, तिच्या आईनंही असंच. त्यात कोणाच्या घरी काही बिघडलं नव्हतं.

म्हणून तर बदलायचं ठरलं.

पण थांबा, मी पुढे पळालो. आधी ठिपकी.

ठिपकी म्हणजे सातांतली एक कोंबडी. करड्या अंगावर पांढरे ठिपके. तिचा धाकटा भाऊ तिरक्या. त्याचा तुरा एका बाजूला कललेला होता म्हणून तिरक्या. त्यांच्या आईला उदमांजरानं नेलं तेव्हा तिरक्या हळदीच्या गोळ्याएवढा होता. ठिपकी स्वतः तेव्हा पुरती वाढलेली नव्हती. तरी तिनं त्याला पंखाखाली घेतलं. पंख लहान होता. अर्धा तिरक्या बाहेरच राहायचा. पण डोकं आत असलं की पिल्लाला वाटतं आपण सगळेच आत आहोत.

मोठी झाल्यावर ठिपकी अंडी घालायला लागली. जवळजवळ रोज एक. आता एक गोष्ट लक्षात ठेवा, ती शाळेत सांगत नाहीत. अंड्यातला पिवळा रंग आभाळातून पडत नाही. तो कोंबडीच्या अंगातून जातो. आधी तिची चोच फिकी पडते, मग पाय. ठिपकीचे पाय एके काळी झेंडूसारखे होते. आता ते पाण्यात भिजलेल्या काडीसारखे झाले होते. अंड्यांच्या टोपलीत शिरून शिरून शेपटीची पिसं मोडली होती. पाठीवर एक जागा तर उघडीच पडली होती. जी कोंबडी जास्त अंडी देते ती अशीच दिसते.

आणि जी देत नाही, ती मखमलसारखी दिसते.

मखमल काळी कुळकुळीत. उन्हात उभी राहिली की पिसांवर मोराची झाक. पाय पिवळेधमक. गेल्या पावसाळ्यापासून तिनं एकही अंडं घातलं नव्हतं. पण रोज सकाळी ठिपकी टोपलीतून उठली की मखमल आत जाऊन बसायची. थोडा वेळ डोळे मिटायची. मग बाहेर येऊन अशी ओरडायची की ओढ्यापलीकडचे ससे बिळात पळायचे.

सरूबाई धावत यायची. टोपलीत कोमट अंडं.

"शाब्बास गं माझी मखमल!" आणि मूठभर ज्वारी मखमलच्या पुढ्यात.

तिरक्याला हे बघवायचं नाही.

"ताये, अंडं तू घातलंस. ओरड ना तू!"

"ओरडून काय करू? उद्याचं अंडं पोटात आहे. त्याला कोंडा लागतो, ओरडा लागत नाही."

"मग मी सांगतो सरूआईला."

"तू गप बस. तू तोंड उघडलंस की सगळ्यांच्या नजरा तुझ्याकडे जातात. आणि तुझ्या मांड्या आता भरल्यात, येड्या."

तिरक्यानं खाली वाकून आपल्या मांड्या बघितल्या. त्याला तोपर्यंत त्यांचा अभिमान वाटत होता.

असं चाललं असताना एक दिवस निरोप आला. रविवारी जावईबापू येणार.

जावई आला म्हणजे रस्सा आला. रस्सा म्हणजे कोंबडा. मोठा कोंबडा तर ठेवायचा होता. राहिला कोण? सगळं खुराडं तिरक्याकडे बघायला लागलं, आणि बघून झाल्यावर दुसरीकडे बघायला लागलं.

ठिपकीनं त्याला कोपऱ्यात घेतलं. "आजपासून कमी खा. बारीक दिसलं पाहिजे."

"भूक लागते, ताये."

"मग लंगडत चाल. आजारी कोंबडा जावयाला वाढत नाहीत."

तिरक्या लंगडायला लागला. सकाळी उजव्या पायानं लंगडला. दुपारी डाव्या.

"अरे, एकच पाय धर!" ठिपकी म्हणाली. तिला हसू आवरेना. आणि हसताना तिचं एक पीस गळून पडलं.

इकडे रंगोबाच्या मनात वेगळंच होतं. त्याला जुन्या रीतीचा कंटाळा आला होता. त्यानं बगळेसाहेबांना बोलावलं.

बगळेसाहेब म्हणजे पांढरे स्वच्छ. दिवसभर चिखलात उभे, पण पिसाला डाग नाही. ते पलीकडच्या जंगलात तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले होते आणि कोंबड्यांचे तज्ज्ञ होऊन परतले होते. शिबिरात काय शिकवलं, असं कोणी विचारलं की म्हणायचे, जेवण फार चांगलं होतं.

"अहो, तो मासे खातो," सरूबाई म्हणाली. "त्याला कोंबड्यांतलं काय कळतं?"

"अगं, तो स्वतः पक्षी आहे. पक्ष्याला पक्ष्यातलं कळणार नाही तर काय तुला कळणार?" रंगोबा म्हणाला.

सरूबाई वीस वर्षं कोंबड्या पाळत होती. ती आत जाऊन भाकऱ्या थापायला लागली.

बगळेसाहेबांनी खुराड्याला एक चक्कर मारली. मग ते एका पायावर उभे राहिले.

"रंगोबा, तुमच्याकडे कोंबड्या आहेत, पण व्यवस्थापन नाही."

रंगोबानं मान खाली घातली. आपल्याकडे एवढी मोठी वस्तू नाही हे त्याला आजवर माहीतच नव्हतं.

"कोंबडे रश्शाला आणि कोंबड्या अंड्यांना, हे मागासलेलं झालं. आता प्रत्येक पक्षी दुहेरी उपयोगाचा. मांसही आणि अंडीही. प्रत्येकाची पाहणी करायची, गुण द्यायचे, यादी लावायची. शेवटचा नंबर येईल तो भांड्यात. मग तो कोंबडा असो की कोंबडी. भावना मधे आणायच्या नाहीत."

"गुण कशाचे?" सरूबाईनं आतून विचारलं.

"पिसांची चमक. पायांचा रंग. चालण्याचा डौल. आवाज."

"आणि अंडी?"

"अंडी हा परिणाम आहे, बाई. आम्ही मुळाकडे बघतो."

शुक्रवारी सकाळी पाहणी झाली. मखमल साहेबांसमोरून तीनदा गेली. तिसऱ्यांदा तर परत वळून गेली. मोठा कोंबडा छाती काढून उभा राहिला. तिरक्याला लंगडायचं होतं, पण साहेबांचा एकच पाय जमिनीवर बघून तो गोंधळला आणि सरळ चालला.

ठिपकीचं नाव पुकारलं तेव्हा ती टोपलीत होती. अंडं घालत होती.

"गैरहजर," साहेबांनी लिहून घेतलं.

ती आली ती धापा टाकत, पाठीला गवताची काडी चिकटलेली. साहेबांनी तिच्या पायांकडे बघितलं. शेपटीकडे बघितलं. मग डोळे मिटले. त्यांना ते बघवलं नाही.

दुपारी सागाच्या पानावर लिहिलेली यादी जांभळाच्या झाडाला लागली. वाचता येणारे एकटे बगळेसाहेबच होते, म्हणून त्यांनीच ती वाचून दाखवली.

"पहिला नंबर, मखमल. दुसरा नंबर, तिरक्या. वाढ चांगली, चाल सरळ. कळपात ठेवावा."

मुलांनो, तुम्हाला काय वाटतं, तुम्ही काय केलं असतं? चार दिवस आपण मरणार म्हणून उपाशी राहिलात, लंगडलात, आणि कोणीतरी म्हणालं, ठेवावा. तिरक्या उडी मारून कुंपणावर चढला आणि आरवला. मान ताणून, डोळे मिटून, पोटात होता नव्हता तेवढा सगळा वारा काढून आरवला. साहेब पुढचे नंबर वाचत होते. त्यानं ऐकले नाहीत.

त्यानं डोळे उघडले तेव्हा सगळं अंगण दुसरीकडे बघत होतं.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"शेवटचा नंबर ठिपकी," मोठा कोंबडा म्हणाला.

आरवणं घशातून एकदा बाहेर गेलं की परत आत घेता येत नाही. त्यानं चोच मिटून बघितली. नाही घेता येत.

मग तो कुंपणावरून थेट बगळेसाहेबांच्या पायावर पडला. साहेबांचा एकच पाय जमिनीवर होता. त्याच पायावर त्यानं चोच मारली. साहेब राखेच्या ढिगात बसले. पांढऱ्याचे करडे झाले.

"ती रोज अंडं घालते!" तिरक्या ओरडला. "मखमल घालत नाही! ती नुसती बसते आणि ओरडते!"

"मी?" मखमल म्हणाली. "सगळं जंगल माझा आवाज ऐकतं. तिचा कोणी ऐकलाय?"

कोणीच ऐकला नव्हता. ही गोष्ट खरी होती.

"अंड्यावर नाव असतं का?" साहेबांनी राख झटकत विचारलं.

"नसतं," तिरक्या म्हणाला.

"मग झालं." साहेबांनी सागाचं पान खाली घेतलं. तिरक्याचा दोन नंबर खोडला आणि एक लिहिला. "लढाऊ बाणा. असा पक्षी कळपात हवाच."

त्या दिवशी तिरक्यानं जेवढा तमाशा केला तेवढे त्याचे गुण वाढत गेले. त्यानं पाण्याचं भांडं उलथवलं, त्याला ताकदीचे गुण मिळाले. तो रडला, त्याला आवाजाचे मिळाले. ठिपकीचा नंबर मात्र जागचा हलला नाही.

शनिवारी सकाळी तो सरूबाईच्या उंबऱ्यात जाऊन बसला.

"सरूआई, तुम्ही एकदा हात लावून बघा तिला."

सरूबाई पीठ मळत होती. तिनं हात थांबवला. तिची सासू बोटांनी बघायची. कोंबडीच्या शेपटीखाली दोन हाडं असतात. अंडी देणारीची हाडं एकमेकांपासून लांब असतात, मधे दोन-तीन बोटं बसतात. न देणारीची जवळ आलेली असतात. याला पाहणी म्हणत नसत. याला काहीच म्हणत नसत.

सरूबाईनं हात धुतले. नखं आत वळवली. आधी मखमलला धरलं. एक बोट जाईना. मग ठिपकीला धरलं. तीन बोटं आरामात बसली.

"अगं बाई," सरूबाई म्हणाली. तशीच ती नवऱ्याकडे गेली.

"अहो, ठिपकी घालतीय. मखमल नाही. सासूबाईंसारखं बोटांनी बघितलं मी."

रंगोबा पडवीत बसला होता. त्यानं आवाज खाली आणला. "आता यादी लागली."

"मग काढा."

"काढा काय? सगळ्या जंगलानं बघितली. कालपर्यंत तरस माझ्याशी बोलत नव्हता, तो सकाळी विचारून गेला, तुमच्याकडे यादी लागली म्हणे. आणि साहेब उद्या जेवायला आहेत."

"कोंबडी आपली आहे ना?"

"कोंबडी आपली आहे गं. पण पद्धत साहेबांची आहे."

"मग तिरक्याला तरी कापा, पूर्वीसारखं."

हे उंबऱ्यात बसलेल्या तिरक्यानं ऐकलं. तो धावत रंगोबाच्या पुढ्यात गेला आणि मान लांब करून बसला. "कापा. मला कापा. मी भरलोय, बघा मांड्या."

रंगोबानं त्याला हातानं बाजूला केलं. "पहिल्या नंबरचा पक्षी कोणी कापतं का? लोक काय म्हणतील?"

संध्याकाळी खुराड्याचं दार लागायच्या आधी तिरक्या ठिपकीजवळ गेला. ती टोपलीजवळ बसली होती.

"ताये, पळून जाऊ. आपण दोघं."

"बाहेर उदमांजर आहे."

"असू दे. त्याला मी बघतो."

"तुला दोन पायांपैकी एक धरून लंगडता आलं नाही. उदमांजराला काय बघशील?" ती थोडी सरकली. "आणि अंडं उतरतंय. आता धावता येत नाही."

त्यानं चोचीनं जमीन उकरली. मग म्हणाला, "ताये, मी आरवलो तेव्हा..."

"ऐकलं मी. पहिल्यांदाच आवाज न फाटता आरवलास."

तिरक्यानं मान खाली घातली.

"पुढच्या वेळी यादी पूर्ण ऐकून घेत जा, येड्या," ती म्हणाली आणि तिनं पंख थोडा उचलला. तो आता तिच्याहून मोठा होता. त्यानं नुसतं डोकं आत घातलं.

रविवारी सकाळी ठिपकीला नेलं. ते मी सांगणार नाही. मागच्या रांगेतल्यानं हात वर करू नये, मी सांगणार नाही म्हटलं ना.

पुढचं सांगतो. सरूबाईनं ती साफ करायला घेतली. पोट उघडलं आणि ती तशीच बसून राहिली. आत एक पूर्ण अंडं होतं, कवच घातलेलं, बाहेर यायला तयार. त्याच्यामागे मऊ पिवळे गोळे. एक लिंबाएवढा, तो उद्याचा. एक बोराएवढा, तो परवाचा. मग हरभऱ्याएवढे, मग मोहरीएवढे. ठिपकीनं पुढचे कितीतरी दिवस मांडून ठेवले होते.

"बघा," सरूबाई नवऱ्याला म्हणाली.

रंगोबानं बघितलं. तो वाईट नव्हता हो. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती.

तेवढ्यात बगळेसाहेब आले. त्यांनी वाकून परातीत बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा! मी काय म्हणत होतो? दुहेरी उपयोग! एकाच पक्ष्यात मांसही आणि अंडीही!"

जावईबापू पोटभर जेवले. "सासूबाई, रश्शाला रंग काय आलाय! हळद कुठली वापरता?" त्यांनी विचारलं. सरूबाईनं पदर तोंडाला लावला. जावयाला वाटलं ती लाजली.

ते तयार अंडं उकडून बगळेसाहेबांच्या पानात वाढलं. मानाचं म्हणून. त्यांनी ते एका घोटात गिळलं. लांब मानेतून अंडं खाली जाताना सगळ्यांना दिसलं.

सोमवारी मखमल टोपलीत बसली, उठली आणि ओरडली. सरूबाई धावत आली नाही. चालत आली. टोपली रिकामी होती.

मंगळवारीही रिकामी. रंगोबानं साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, मखमलला धक्का बसलाय, मैत्रीण गेली तिची. खुराक वाढवा. खुराक वाढवला. मखमल आणखी चमकायला लागली.

बाकीच्या पाच कोंबड्या एवढ्या मूर्ख नव्हत्या. त्यांनी आपापले पाय बघितले. ज्यांचे फिके पडत चालले होते त्यांनी अंडी घालणं हळूहळू सोडलं. दोन महिन्यांत सगळ्यांचे पाय पिवळे झाले, नवी पिसं आली. पुढच्या पाहणीत एकही पक्षी शेवटचा आला नाही. सगळेच पहिले आले. जांभळाला पाटी लागली, 'आदर्श कळप'. लांबलांबून प्राणी बघायला यायला लागले. रंगोबा त्यांना कोरा चहा द्यायचा. कोणी सहज म्हणालं की एखादं अंडं उकडा की, तर तो दुसरा विषय काढायचा. अंडी सरूबाई साळिंदरीच्या घरून विकत आणायची. साळिंदरीच्या कोंबड्या दिसायला अगदी दरिद्री होत्या.

आणि तिरक्या? तो पहिल्या नंबरचा होता. त्याला कोणी हात लावत नव्हतं. त्याला तेवढीच एक शिक्षा होती.

एकदा उकिरडा उकरताना त्याला एक जाडजूड अळी सापडली. कोंबड्याला काही चांगलं सापडलं की तो आधी स्वतः खात नाही, हाक मारतो. घशातल्या घशात, मऊ आवाजात. तशी त्यानं हाक मारली. सवयीनं. अळी चोचीत उचलायची, खाली ठेवायची, परत हाक मारायची. बराच वेळ तो असं करत राहिला.

मखमल आली. अळी खाल्ली. तोंड पुसून निघून गेली.

तात्पर्य: मुलांनो, काम करू नये. केलंच, तर ते अंगावर दिसू देऊ नये. पिसं साफ ठेवावी, पाय पिवळे ठेवावे, आणि दुसऱ्याच्या अंड्यावर बसून वेळेवर ओरडावं, म्हणजे दीर्घायुष्य लाभतं. तुमच्या घरात कोणी ताई असेल आणि ती हल्ली फिकी दिसत असेल, तर हे तात्पर्य तिला आजच वाचून दाखवा. उद्यावर टाकू नका. ती ऐकणार नाही. हसेल आणि म्हणेल, बाजूला हो रे, मला काम आहे. तरी वाचून दाखवा.